गाडीचे ब्रेक कुणाच्या हातात द्यायचे? नागपुरातले माझे बारा दिवस

रविवार, 9 नोव्हेंबर 2025. त्रिपुरी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, गर्दी ओसरली असेल म्हणून आईला घेऊन रामटेकला गेले. तिच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, पण गडापर्यंत गाडी जाते. दर्शन झालं, खाली अंबाळ्याला थांबून शिंगाडे घ्यायचे असं ठरवून गड उतरायला लागले, आणि दुसऱ्याच वळणावर पुढच्या चाकातून चिरका आवाज आला. ब्रेकवर पाय ठेवला की आवाज, काढला की बंद. पाटीवर खिळा ओढल्यासारखा.

"काय वाजून राहिलं गं?" आई म्हणाली. मी काही नाही म्हटलं, पण स्टिअरिंगवरचे हात गार पडले होते. उरलेला उतार पहिल्या गिअरमध्ये उतरले. शिंगाडे राहिले. मनसरवरून नागपूरपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर काच खाली करून, पुढच्या गाडीपासून लांब राहत आले.

आमची गाडी 2016ची हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम (फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबतात). एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आमची त्याआधीची, त्यामुळे तेही नाही. मीटरवर 61,400 किलोमीटर. पुढचे पॅड एकदा 2020 मध्ये बदललेले होते, तेव्हाचं बिल सापडलं म्हणून हे नक्की सांगता येतं. गाडीचं आजवर सगळं नवरा बघायचा. दोन वर्षांपासून त्याची नोकरी चंद्रपूरला आहे, तो शनिवारी-रविवारी येतो, त्या आठवड्यात तोही येणार नव्हता. आई आणि मुलगी रोज याच गाडीत बसतात. निर्णय मलाच घ्यायचा होता, आणि तो चुकला तर काय होऊ शकतं हे उतारावर कळलं होतं.

रात्री फोन झाले. नवरा म्हणाला, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाक. भाऊ म्हणाला, तिथे दुप्पट पैसे घेतात, चौकातल्या मिस्त्रीकडे दे. शाळेतल्या मैत्रिणीने ॲपवरून घरी माणूस बोलावता येतो असं सांगितलं. तिघंही काळजीने बोलत होते, पण चाकाच्या आत काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. पांढरी, अर्धपारदर्शक, ड्रायव्हरच्या बाजूला मागे असते. ऑइल खालच्या रेघेला टेकलं होतं. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड धरून दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे ऑइल जातं आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणजे गळती नसली तरी ऑइल कमी दिसू शकतं. इथे बाटली आणून वरून ओतायचा मोह होतो. ओतू नका. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात, तेव्हा ते ऑइल परत टाकीत येतं आणि जास्त झालं तर बाहेर सांडतं. गाडीवर पडलं तर रंग उतरतो.

त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन केला. बुधवारी 12 तारखेला सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. शाळेतून अर्धी रजा घेतली. तिथल्या तरुण ॲडव्हायझरने आधी विचारलं, "सर नाही आले?" मी म्हटलं, गाडी मी चालवते, आवाज मी ऐकला आहे, मला विचारा. त्याने नोंद करून घेतली आणि गाडी आत गेली. मी काचेच्या पलीकडे एक तास चाळीस मिनिटं बसले. मग एस्टिमेट आलं: पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे ब्रेक शू, मजुरी, कर धरून 14,350 रुपये. तपासणीचे 590 वेगळे, ते तिथेच भरले.

मी विचारलं, पॅड किती मिलिमीटर उरलेत? डिस्कची जाडी किती भरली? तो म्हणाला, "मॅडम, साठ हजार झाले की आम्ही पूर्ण सेटच सजेस्ट करतो. डिस्कवर रेघा पण आहेत." बाहेर येऊन मी चाकांजवळ वाकून पाहिलं. नटांवर रविवारच्या धुळीचा थर जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर तो थर पुसला गेला असता. चाक काढलंच नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर तिथेच जावं. अस्सल पार्ट मिळतो, कामाची नोंद राहते, पुढे काही बिघडलं तर जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. पण त्या दिवशी मला जे सांगितलं गेलं ते किलोमीटर बघून सांगितलं होतं. "घरी विचारून कळवते" असं म्हणून मी गाडी घेऊन आले. हे वाक्य बोलायला कुणीही संकोचू नये. एस्टिमेट घेतलं म्हणून काम तिथेच करायचं बंधन नसतं. आपली संमती न घेता काम वाढवलं, जुने पार्ट परत द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. मला लागला नाही, पण फोनमध्ये टाकून ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी ॲपवरून माणूस आला. भेटीचे 299 रुपये. मुलगा वेळेवर आला, नम्र होता. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अंधार पडला होता, त्याने मोबाइलचा टॉर्च चाकाच्या फटीतून आत मारला, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "पॅड निम्मे आहेत मॅडम, सहा महिने आरामात चालतील. डिस्क चांगली आहे. आवाज धुळीचा असेल."

हे ऐकून खूप हलकं वाटलं. चौदा हजारांचं काम शून्यावर आलं होतं. त्या रात्री चार दिवसांनी नीट झोप लागली. शुक्रवारी सकाळी प्रतापनगर चौकातल्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि तोच चिरका आवाज पुन्हा आला. मागे बसलेली मुलगी म्हणाली, आई, वाजलं. एकाने सगळं बदला सांगितलं होतं, दुसऱ्याने काहीच नको, आणि गाडी आपली वाजतच होती. त्या सिग्नलवर मला रडू येईल असं वाटलं.

शुक्रवारी 14 तारीख, बालदिन. कार्यक्रम संपल्यावर मुलांना न्यायला व्हॅन उभ्या होत्या. आमच्या शाळेच्या व्हॅनचे एक काका आहेत, वीस वर्षं मुलांची ने-आण करतात. मनात आलं, रोज दहा-बारा लेकरं घेऊन फिरणारा माणूस आपले ब्रेक कुणाकडून करून घेत असेल? त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, "रिंग रोडच्या आतल्या गल्लीत एक जण आहे मॅडम. जास्त बोलत नाही, अन् घाईपण करत नाही. पण काम दाखवून करते. सांगा मी पाठवलं म्हणून."

नंबर घेतला आणि जायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. चाक काढून मला दाखवाल का? जुने पार्ट परत द्याल का? बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहाल का? पलीकडून उत्तर आलं, "या न ताई उद्या. खोलल्याशिवाय मी पैसेच सांगत नाही." मला हवं होतं ते आधीच्या कुणाच्याच बोलण्यात नव्हतं, ते या एका वाक्यात होतं.

शनिवार, 15 नोव्हेंबर. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड, दोन माणसं. माझ्या आधी एक गाडी होती, पाऊण तास थांबले. मग त्यांनी गाडी सपाट फरशीवर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला आणि जॅकच्या जोडीला खाली लोखंडी घोडी (टेकू) ठेवली. नुसत्या जॅकवर ते चाक काढत नाहीत. मला ती घोडी बघून निम्मा विश्वास वाटला.

उजवं चाक निघालं. कॅलिपर वर उचलून त्यांनी दोन्ही पॅड हातात दिले, एकेका हातात एक. बाहेरच्या पॅडवर मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, चांगला पाच मिलिमीटर होता. आतल्यावर दोन मिलिमीटरही नव्हता, आणि त्याच्या कडेला असलेली पत्र्याची छोटी पट्टी घासून चकाकत होती. ती पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि चिरचिर वाजते, म्हणजे वाजणं हेच तिचं काम. ॲपवाल्या मुलाने बाहेरचं पॅड पाहिलं होतं. फटीतून तेवढंच दिसतं. आतलं पॅड चाक काढल्याशिवाय दिसत नाही.

"एकाच चाकातले दोन पॅड असे कमीजास्त का झिजले?" मी विचारलं. त्यांनी कॅलिपर ज्यावर पुढेमागे सरकतो ती पिन दाखवली. ती जाम होती. पिनेवरचं रबराचं आवरण, म्हणजे बूट, फाटलं होतं, पाणी आत गेलं होतं, ग्रीस वाळून काळं कडक झालं होतं. "ही सरकत नाही न, म्हणून बाहेरचं पॅड दाबतच नाही. सगळा भार आतल्यावर. नुसते पॅड लावून दिले असते तर नवे पण असेच खाल्ले असते." डावीकडची पिन सरकत होती, तिथे दोन्ही पॅड सारखे झिजलेले, तीन मिलिमीटरच्या आसपास.

मग डिस्क. सर्व्हिस सेंटरने दाखवलेल्या रेघा होत्या. त्यांनी मला नख फिरवायला सांगितलं, नख कुठे अडकत नव्हतं. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, आमच्या गाडीच्या डिस्कवर 15 मिलिमीटर आहे. (प्रत्येक गाडीची वेगळी असते, आपल्या डिस्कवरची वाचा.) डिस्कच्या काठाला गंजाचा उंचवटा तयार होतो, त्यामुळे वर्नियर (जाडी मोजायचं साधन) सरळ लावला तर जाडी जास्त दाखवतो. या माणसाने खिशातून रुपयाची दोन नाणी काढली, ती एकावर एक ठेवून आधी मोजली, मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना काठाच्या आत एकेक नाणं धरून वर्नियर लावला आणि नाण्यांची जाडी वजा केली. 16.2 भरली. दुसऱ्या बाजूची 16.3. आकडे त्यांनी खडूने फरशीवर लिहिले. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, हेही विचारलं. दोन्ही नाही. तर डिस्क बदलायच्या नाहीत, लेथवरही फिरवायच्या (घासून सपाट करायच्या) नाहीत, असं ते म्हणाले. लेथवर फिरवलं की जाडी उतरते, आणि आमच्याकडे जेमतेम एक मिलिमीटर शिल्लक आहे.

मागचे ड्रमही उघडले. शूवर चार मिलिमीटर लायनर, म्हणजे तिथला मसाला, होतं. व्हील सिलिंडरचं (शू दाबणाऱ्या भागाचं) रबर उचलून आत ओल आहे का पाहिलं, कोरडं होतं. फक्त साफसफाई आणि ॲडजस्टमेंट. ड्रममधली काळी धूळ त्यांनी कॉम्प्रेसरने उडवली नाही, ब्रेक क्लीनर मारून कापडाने पुसली. ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

शेवटी ब्रेक ऑइल. काळ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओल मुरल्यावर ती मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापून ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. चिखलदऱ्याचा घाट आम्ही मे महिन्यात याच ऑइलवर उतरलो होतो. ते आठवून पोटात खड्डा पडला. आमच्या घरात ते कधी बदलल्याचं एकही बिल नाही. साधारण दोन वर्षांनी बदलावं, पण नेमकी मुदत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. कोणती प्रत टाकायची तेही टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

निर्णय तिथेच झाला. पॅडच्या बाबतीत त्यांनी दोन पर्याय सांगितले. साध्या ब्रँडचे साडेबाराशेला, गाडीच्या कंपनीचे त्याच्या दुप्पट. "पैसे तुमचे आहेत ताई, पण मी माझ्या गाडीत स्वस्तवाले लावत नाही." मी अस्सलच घ्यायचे ठरवले. पार्ट मी स्वतः आणला तरी त्यांची हरकत नव्हती, उलट तेच बरं म्हणाले. गाडी तात्पुरती जोडून दिली तर मी हळू चालवत नेऊ शकले असते, पण जाम पिन पाहिल्यावर माझी तयारी नव्हती. गाडी तिथेच ठेवली आणि ऑटोने घरी आले.

रविवारी दुकानं बंद. सोमवारी 17 तारखेला अधिकृत पार्ट काउंटरवर गेले. सोबत आरसीची प्रत हवी, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पॅड बदलतात आणि ते चासी नंबरवरून पार्ट शोधतात. पुढच्या पॅडचा सेट 2,480 रुपये. सेट म्हणजे दोन्ही चाकांचे चार पॅड. एकाच चाकाचे बदलायचे नसतात, गाडी ओढते. डब्यावरचं होलोग्राम, पार्ट नंबर आणि एमआरपी तपासून पक्कं बिल घेतलं. अजून एक गोष्ट बघण्यासारखी: 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. जुन्या साठ्याच्या डब्यावर जुनी एमआरपी छापलेली असू शकते. बिलावर 18 टक्के लागलाय ना, तेवढं वाचा.

पिन आणि बूटचा किट मात्र काउंटरवर नव्हता. मागवावा लागला, दोन दिवस. त्या दिवसांत सुभाष नगरहून मेट्रोने झाशी राणी चौक, तिथून शाळा. आईची फिजिओथेरपीची एक वेळ चुकली. अधिवेशन तोंडावर आल्याने रस्त्यांची कामं जोरात होती, गाडी नसल्याचं एका परीने बरंही वाटलं. बुधवारी संध्याकाळी किट आला, 860 रुपये. डॉट-4 ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली 340. उघडी बाटली कुणी देत असेल तर घेऊ नका, ओल झाकण उघडल्यापासूनच शिरायला लागते.

गुरुवार, 20 नोव्हेंबर. दुपारी दोनला काम सुरू झालं. जाम पिन निघायला वीस मिनिटं लागली. दोन्ही बाजूंना नव्या पिना, नवे बूट, ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. पिन बसवल्यावर त्यांनी मला बोटाने ढकलून बघायला सांगितलं. लोण्यात सुरी जावी तशी गेली.

ऑइल बदलताना त्यांचा पोरगा जेवायला गेला होता, तेव्हा पेडल दाबायला मी बसले. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, कारण टाकीपासून ते सगळ्यात लांब. ते चाकाजवळून सांगायचे, "दाबा... धरून ठेवा... सोडा." निपलला (चाकाजवळ ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी, नळीचं तोंड बाटलीत. आधी काळं ऑइल आलं, मध्ये मध्ये बुडबुडे, मग हळूहळू मधासारखं पिवळं. चारही चाकांना मिळून पेडल किती वेळा दाबलं मोजलं नाही, पोटरी दुखायला लागली होती. आणि प्रत्येक चाकानंतर पायाखालचं पेडल कडक होत गेलेलं मला स्वतःला जाणवत होतं. इतकी वर्षं मी गाडी चालवते, त्या पेडलच्या पुढे काय असतं ते पहिल्यांदा पायाला कळलं.

पाच वाजता गाडी खाली आली. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल उभ्या जागी चार-पाच वेळा दाबून घ्यायचं असतं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल खाली जाऊ शकतं. हे विसरलात तर गॅरेजच्या फाटकातच ठोकाल. मग आम्ही दोघं रिंग रोडला जाऊन आलो. आधी ते चालवत, परतताना मी. साठवरून दहावर, पूर्ण न थांबता, दहाएक वेळा मध्यम ब्रेक आणि मध्ये थोडं अंतर. नवा पॅड डिस्कवर असा बसवतात. पहिल्या दोनेकशे किलोमीटरला जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, असं सांगितलं. थोडा जळका वास येतो, घाबरू नका, तेही.

मजुरी 1,800. लहान गॅरेज आहे, जीएसटीचं बिल नाही, पण छापील पावतीवर तारीख, 61,470 किलोमीटर, केलेली कामं आणि दोन्ही डिस्कची जाडी लिहून दिली. सगळं मिळून 5,480 रुपये. आधीच्या दोन तपासण्यांचे 889 धरले तर 6,369. त्या 889चं मला वाईट वाटत नाही. ते दोन अनुभव नसते तर व्हॅनच्या काकांना मी तो प्रश्न विचारला नसता.

जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाले. नवरा शनिवारी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर उजव्या चाकाचे दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तो बराच वेळ ते हातात घेऊन बसला होता.

आठवड्याने, 29 नोव्हेंबरला, हँडब्रेक जरा वर येतोय असं वाटलं. आधी पाच टिक्कांना धरायचा, आता आठ. मागचे शू ॲडजस्ट केल्यावर बसताना असं होऊ शकतं असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि या म्हणाले. दहा मिनिटांत केबल ओढून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "त्याच कामातलं आहे ताई." माझ्याकडची पावती मागून घेतली, मागच्या बाजूला तारीख आणि "हँडब्रेक सेट" एवढं लिहून परत दिली.